पर्यवेक्षण आणि पाठराखण : गावपातळीवरील आरोग्यकार्यकर्तीच्या देखरेखीचा प्रश्न

आरोग्यप्रशासनाच्या परिभाषेत 'पर्यवेक्षण' हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा अर्थ निराळा सांगण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. वस्तुतः ह्या एका शब्दाच्या पोटात दोन भिन्न क्रिया सामावलेल्या आहेत. नेमून दिलेले काम झाले की नाही हे पाहणे ही एक. आणि ते काम करणाऱ्या व्यक्तीला ते करता यावे म्हणून तिच्या मागे उभे राहणे ही दुसरी. पहिलीला तपासणी म्हणता येईल. दुसरीसाठी मराठीत 'पाठराखण' हा चांगला शब्द आहे. नव्या नवरीबरोबर सासरी जी पाठराखीण जाते ती तिच्या वागणुकीची नोंदवही ठेवण्यासाठी जात नाही. परक्या घरी पहिले काही दिवस आपले माणूस जवळ असावे एवढ्यासाठीच ती जाते. गावातील आरोग्यकार्यकर्ती गावाला परकी नसते हे खरे. परंतु आरोग्यखात्याच्या घरात ती नवखीच असते, आणि तेथील रीतिभाती, कागदपत्रे व माणसे यांच्यापुढे तिला एकटीला उभे राहावे लागते.

ह्या दोन क्रियांपैकी आपली व्यवस्था पहिलीकडेच का कलते, आणि महाराष्ट्रात जेथे दुसरी साधली तेथे ती कशामुळे साधली, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव आहे. गरम पाण्याच्या कुंडांमुळे मुंबई-ठाण्याच्या लोकांना ते ठाऊक असते. वज्रेश्वरीचे देवस्थान आणि गणेशपुरी ही शेजारचीच ठिकाणे. तालुक्याचे नाव यंत्रमागांसाठी आणि अलीकडे गोदामांसाठी सर्वतोमुखी झाले असले तरी ह्या बाजूचा मुलूख निराळा आहे. तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कातकरी, वारली, मल्हार कोळी यांची वस्ती पाड्यापाड्यांतून विखुरलेली आहे. आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामास जाणारी कुटुंबे पावसाच्या तोंडाशी परततात. अशा गावातील आशा कार्यकर्तीचे काम कोण पाहते, हा आपला प्रश्न आहे.

कागदावर पाहता तिच्याकडे पाहणारे डोळे थोडे नाहीत. उपकेंद्रातील आरोग्यसेविका तिच्याबरोबर काम करते व तिच्या कामाची खातरजमाही करते. उपकेंद्राचे 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झालेले असल्यास तेथे समुदाय आरोग्य अधिकारी असतो. प्राथमिक आरोग्यकेंद्रात आरोग्य सहायिका आणि वैद्यकीय अधिकारी असतात. या सर्वांहून निराळी, केवळ आशा कार्यकर्तींसाठी नेमलेली अशी गटप्रवर्तक असते. तिच्या वर तालुक्याला समूह संघटक, आणि त्याच्या वर जिल्ह्याला समूह संघटक. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले तेव्हा आशा ही 'कार्यकर्ती' असेल, नोकर नसेल, असे म्हटले गेले होते. आज राज्यात सुमारे सत्तर हजार आशा आणि साडेतीन हजारांहून अधिक गटप्रवर्तक आहेत, म्हणजे स्थूलमानाने विसांना एक हे प्रमाण पडते. इतक्या जणांची नजर एका स्त्रीवर असता तिला पर्यवेक्षणाचा तुटवडा भासावा हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल.

थोडा हिशेब केला म्हणजे हे वैचित्र्य उरत नाही. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गटप्रवर्तकाने महिन्याला सुमारे वीस भेटी द्याव्यात अशी अपेक्षा आहे. तिच्याकडे वीस आशा असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला महिन्यातून एक दिवस येतो. आता त्या एका दिवशी गावात काय पाहावयास मिळेल? आशाच्या कामाची कसोटी जेथे लागते असा प्रसंग म्हणजे घरी असलेले नवजात मूल. हजार लोकवस्तीच्या गावात हजारी जन्मदर पंधराच्या आसपास धरला तर वर्षाकाठी पंधरा मुले जन्मतात. नवजात अर्भकांच्या मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात. बाळंतीण दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी येते असे मानले तर त्या आठवड्यातील पाच दिवस मूल घरी असते. पंधरा मुलांचे मिळून वर्षात पंचाहत्तर दिवस. म्हणजे गटप्रवर्तक कोणत्याही एका दिवशी गावात गेली तर असे मूल तिच्या दृष्टीस पडण्याचा संभव पाचांत एक. बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची चाल लक्षात घेता तो आणखी कमी होईल. ते मूल आजारी असण्याचा, आणि आशा त्याला कसे तपासते हे प्रत्यक्ष पाहावयास मिळण्याचा संभव तर नगण्यच म्हटला पाहिजे. भेटीचा दिवस कॅलेंडरवरून ठरतो. मूल कॅलेंडर पाहून जन्मास येत नाही.

मग त्या दिवशी होते काय? जे समोर असते ते पाहिले जाते, आणि समोर असतात ती रजिस्टरे. त्यास आणखी एक सबळ कारण आहे. आशा कार्यकर्तीच्या प्राप्तीचा मोठा भाग कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्याचा असतो : दवाखान्यातील बाळंतपणासाठी अमुक, लसीकरण पुरे झाल्यास तमुक, नवजात बालकाच्या घरभेटी ठरल्या संख्येने झाल्यास अडीचशे रुपये, असे कितीतरी. प्रत्येक रकमेसाठी दावा भरावयाचा, त्यावर सही मिळवावयाची. गटप्रवर्तकाचा मोबदलाही मूळ योजनेत भेटीच्या संख्येशीच बांधलेला आहे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने तो भेटीस अडीचशेवरून तीनशे रुपये केला. दोन्ही बाजूंस मोजणीच असल्यामुळे दोघींची गाठ पडते ती बहुधा दाव्यांच्या तक्त्याभोवती. यात कोणाचा आळस नाही की अप्रामाणिकपणा नाही. व्यवस्थेने ज्याची किंमत ठरविली तेच दोघी करीत असतात.

ह्यातून एक परिणाम घडतो. तो अहवालांत कोठे दिसत नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. जिची सही झाल्याशिवाय आपले पैसे निघावयाचे नाहीत तिच्यापुढे आपल्याला काय येत नाही हे कोणी कबूल करीत नाही. मुलाचे श्वास मोजताना आपला गोंधळ उडतो, काट्यावरचे वजन नीट वाचता येत नाही, अमक्या घरची सासू आपल्याला दारातूनच परत पाठविते, ह्या गोष्टी शिकविणारीला सांगता येतात. हिशेब तपासणारीला नाही. शिकण्याची सुरुवात अज्ञान उघड करण्यापासून होते, आणि नेमकी तीच वाट आपण पैशाच्या फाटकाने बंद केली आहे.

गावच्याच माणसाच्या हाती आरोग्याचे प्राथमिक काम द्यावे ही कल्पना नवी नव्हे. चीनमधील डिंगशियान येथे १९३० नंतरच्या दशकात चेन झीछियान यांनी शेतकरी कार्यकर्त्यांना अल्पसे प्रशिक्षण आणि औषधांची एक पेटी देऊन हा प्रयोग केला होता, आणि त्यांच्यावरील देखरेख उपविभागीय केंद्रातील डॉक्टरकडे सोपविली होती. भारतात श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालानंतर २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशव्यापी योजना निघाली. हजार वस्तीला एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे शिक्षण, महिना पन्नास रुपये मानधन आणि तितक्याच रकमेची औषधे असे तिचे स्वरूप होते. निवड गावाने करावयाची, पैसे खात्याने द्यावयाचे, आणि नजर बहूद्देशीय कर्मचाऱ्याने ठेवावयाची, अशी त्रिस्थळी व्यवस्था असल्यामुळे तो कार्यकर्ता नक्की कोणाचा हे कधीच ठरले नाही. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. योजनेची नावे बदलत गेली आणि अखेर २००२ साली केंद्राचे साहाय्यही थांबले. ह्या योजनेच्या अपयशाची चर्चा निवडीच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. पाठराखणीच्या अंगाने ती व्हावयास हवी तितकी झालेली नाही.

ज्या वर्षांत ही सरकारी योजना आकार घेत होती त्याच वर्षांत जामखेडला निराळे काही घडत होते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील ह्या दुष्काळी भागात समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी त्यांनीही प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविका गावात ठेवून पाहिल्या. तरुण, एकट्या, परगावच्या मुली गावात टिकेनात आणि गावही त्यांना आपले म्हणेना. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकविण्याचा मार्ग पुढे आला. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. निरक्षर स्त्रीच्या हाती आरोग्याचे काम कसे द्यावे, अशी शंका तेव्हा अनेकांनी घेतली. आज मागे वळून पाहता त्या निरक्षरतेचा एक अनपेक्षित लाभ दिसतो : रजिस्टर तपासून पर्यवेक्षण आटोपण्याची सोयच तेथे नव्हती. बाईला काय येते हे पाहावयाचे तर तिच्याबरोबर घरात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

जामखेडच्या पद्धतीची दोन अंगे होती. एक म्हणजे ह्या स्त्रिया दर आठवड्यास केंद्रात येत व मुक्काम करीत. शिक्षण एकदा देऊन संपले असे तेथे मानलेच नव्हते. गेल्या आठवड्यात गावात काय घडले, कोणते मूल दगावले, कोणी ऐकले नाही, हे प्रत्येकीने सांगावयाचे आणि त्यातूनच पुढचा धडा निघावयाचा. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. आणि जी गोष्ट डॉक्टरांच्या व्याख्यानातून पटत नसे ती शेजारणीच्या अनुभवातून पटे. दुसरे अंग फिरत्या पथकाचे. डॉक्टर, परिचारिका व समाजकार्यकर्ता असे पथक ठरलेल्या दिवशी गावात जाई, त्या बाईबरोबर घरभेटी करी आणि तिला न सुटलेले रुग्ण पाही. ह्या क्रमाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. गावातील रुग्ण थेट डॉक्टरकडे न जाता त्या स्त्रीच्या मार्फत जातो, आणि डॉक्टर गावादेखत तिचे म्हणणे विचारात घेतो, तेव्हा तिचा अधिकार वाढतो. हेच उलट घडले, म्हणजे डॉक्टरने चार लोकांत तिची चूक काढली, तर पुढील वर्षभर तिच्या शब्दाला गावात किंमत राहत नाही. पर्यवेक्षणाच्या कोणत्याही तक्त्यात हा रकाना मी पाहिलेला नाही.

प्रकल्पाने नोंदविलेल्या आकड्यांनुसार तेथील बालमृत्युप्रमाण १९७१ च्या सुमारास हजारी १७६ होते. ते १९७६ पर्यंत ५२ वर आणि १९९३ पर्यंत १९ वर आले. ह्या घटीचे सर्व श्रेय आरोग्यकार्यकर्तींना, किंवा त्यांच्यावरील देखरेखीला, देणे शास्त्रीय दृष्ट्या योग्य ठरणार नाही. त्याच काळात तेथे पिण्याच्या पाण्याची, आहाराची, शेतीची कामे झाली. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. आणि साऱ्या महाराष्ट्रातच बालमृत्यू कमी होत होते. तुलनेसाठी निराळी गावे राखून ठेवण्याचा जामखेडचा हेतूही नव्हता.

ती उणीव गडचिरोलीने भरून काढली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने (स्थापना १९८६) घरच्या घरी नवजात बालकाची सेवा हा प्रयोग ३९ गावांत केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९३ ते १९९५ ही पूर्वस्थितीच्या मोजणीची वर्षे. नंतर तीन वर्षे प्रत्यक्ष प्रयोग. गावातील अल्पशिक्षित स्त्री आरोग्यदूत म्हणून बाळंतपणाच्या वेळी हजर राहणार, मग ठरलेल्या दिवशी घरी जाऊन मुलाला तपासणार, वजन-तापमान-श्वास नोंदविणार, आणि जंतुदोषाची लक्षणे आढळल्यास आईवडिलांच्या संमतीने तोंडावाटे औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन देणार, अशी योजना होती. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युप्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. जंतुदोष झालेल्या मुलांत पूर्वी शेकडा १६.६ दगावत, ते प्रमाण २.८ वर आले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले.

गाजले ते इंजेक्शन. अल्पशिक्षित स्त्रीने नवजात मुलाला सुई टोचावी की नाही यावर बराच खल झाला. त्या मानाने प्रयोगाच्या दुसऱ्या अंगाकडे दुर्लक्ष झाले. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावात जात असे. आरोग्यदूताने भरलेले प्रत्येक मुलाचे पत्रक तो पाही, चुका तेथेच दुरुस्त करी, शंका सोडवी आणि लागल्यास तिच्याबरोबर घरी जाई. पत्रक येथेही होते. पण ते मोबदल्याचा पुरावा म्हणून नव्हे, तर त्या मुलाची दिवसादिवसाची हकीकत म्हणून वाचले जाई. जन्ममृत्यूंची खातरजमा करण्यासाठी दर सहा महिन्यांनी घरोघर होणारी गणना निराळीच होती. म्हणजे किती मुले दगावली याचा हिशेब, आणि हे मूल कसे वाचवावे याचे शिक्षण, ही दोन कामे एका भेटीत कोंबलेली नव्हती. लेखाच्या आरंभी केलेला भेद येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

याच संस्थेच्या एका साध्या साधनाचा येथे ओझरता उल्लेख करावासा वाटतो. मुलांतील न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजावे लागतात, आणि साठापर्यंत मोजताना अल्पशिक्षित माणूस चुकतो. म्हणून मण्यांची एक चौकट केली गेली : दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा, मिनिटाच्या घड्याळातील वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर श्वास जलद. पर्यवेक्षक पंधरा दिवसांनी येतो. ही चौकट रोज हाताशी असते. चांगले साधन हेही एका अर्थी पर्यवेक्षणच होय, आणि ते सही मागत नाही.

गडचिरोलीच्या अनुभवावरून नवजात बालकांच्या घरभेटींचा कार्यक्रम २०११ साली देशभर आशा कार्यकर्तींकडे सोपविण्यात आला : दवाखान्यात जन्मलेल्या मुलासाठी सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात, त्यासाठी वीस दिवसांचे चार टप्प्यांतील प्रशिक्षण. इंजेक्शन आशाच्या हाती दिले गेले नाही; ते का दिले नाही याची कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु पंधरवड्याची ती जाणकार भेटही मागेच राहिली, आणि तिच्याविषयी मात्र वाद झाल्याचे आढळत नाही. एखाद्या रोपाची फांदी आणून लावावी आणि मुळांचा विचार करू नये, तसे हे झाले.

'ते स्वयंसेवी संस्थांना जमते, शासनाला नाही,' असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. प्रत्येक गावी दर पंधरा दिवसांनी डॉक्टर पाठविणे भिवंडी तालुक्यातील कोणत्याही प्राथमिक आरोग्यकेंद्रास शक्य नाही. तीस हजार लोकवस्तीला एक केंद्र, आदिवासी भागात वीस हजारांना, हा शासकीय दंडक. केंद्रात डॉक्टर एक किंवा दोन. आणि त्यांच्यामागे बाह्यरुग्ण विभाग, शवविच्छेदन, बैठका, शिबिरे. परंतु ह्या आक्षेपाचे उत्तर जुन्या ठाणे जिल्ह्यातच सापडते. डहाणू तालुक्यातील कासा (हा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे) येथील सरकारी प्राथमिक आरोग्यकेंद्राच्या क्षेत्रात १९७० नंतरच्या दशकात डॉ. पी. एम. शाह यांच्या मार्गदर्शनाखाली माताबालसंगोपनाचा प्रकल्प चालला होता. गावोगावच्या अर्धवेळ कार्यकर्त्यांनी सर्व बालकांवर लक्ष ठेवावयाचे. पण परिचारिकांनी व डॉक्टरांनी आपला वेळ सर्वांत समान वाटून न टाकता जोखमीच्या मुलांवर एकवटावयाचा, हे त्याचे सूत्र होते. कमी वजनाचे जन्मलेले, वजन वाढणे थांबलेले, आई नसलेले मूल, अशी जोखमीची लक्षणे ठरविलेली होती. प्रकल्पाचा हेतू पोषणाचा होता. परंतु पर्यवेक्षणाचे गणित सुटण्याची किल्ली त्यात आहे असे मला वाटते.

ती किल्ली अशी. वर पाहिलेल्या हिशेबात अडचण भेटींच्या संख्येची नव्हती, त्यांच्या वेळेची होती. गटप्रवर्तकाच्या वीस भेटींपैकी निम्म्या जरी फिरत्या वेळापत्रकातून मोकळ्या केल्या आणि 'जन्म झाला', 'मूल दूध ओढत नाही', 'बाई तपासणीस येत नाही' असा निरोप आशाकडून आल्यावर त्या त्या गावी खर्च केल्या, तर त्याच पैशांत आणि त्याच दिवसांत कठीण प्रसंग दोघींना एकत्र पाहता येतील. आता प्रत्येकीच्या हाती फोन आहे. निरोप पोहोचण्याची अडचण पूर्वीसारखी नाही. अर्थात मग 'ह्या महिन्यात अमुक गावी भेट का नाही?' असा प्रश्न तालुक्याच्या बैठकीत येईल, आणि त्याला 'तेथे निरोप नव्हता' हे उत्तर मान्य करावे लागेल. प्रशासनास नेमके हेच जड जाते. समान वाटप दाखविणे सोपे असते. गरजेप्रमाणे केलेले वाटप समजावून सांगावे लागते. जेथून कधीच निरोप येत नाही त्या गावांकडेही लक्ष हवेच. म्हणून सगळ्या भेटी मोकळ्या कराव्यात असे मी म्हणत नाही.

अकलोलीच्या बाजूस आणखी एक प्रश्न आहे, तो वीटभट्टीवरच्या कुटुंबांचा. आशाची यादी गावाची असते. गरोदर बाईची नोंद आपल्या पाड्यावर होते, सातव्या-आठव्या महिन्यात ती नवऱ्याबरोबर भट्टीवर जाते, आणि मूल दुसऱ्याच गावाच्या शिवारात, कधी दुसऱ्या तालुक्यात, जन्मते. पहिल्या आशाच्या रजिस्टरात तिच्यापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. दुसऱ्या आशाच्या यादीत ती मुळातच नसते. दोघींचीही कागदपत्रे निर्दोष असतात आणि मूल दोघींच्याही नजरेआड राहते. रजिस्टराची कितीही कडक तपासणी केली तरी हा दोष तीत सापडणार नाही, कारण चूक कोणत्याही एका रजिस्टरात नसून दोन रजिस्टरांच्या मधल्या जागेत आहे. ती जागा पाहू शकेल अशी व्यक्ती म्हणजे दोन्ही गावांत जाणारी गटप्रवर्तक. दोन केंद्रांचा प्रश्न असेल तर तालुक्याचा समूह संघटक. एकीने दुसरीला नावानिशी निरोप देणे, तो पोहोचल्याची खात्री करणे, आणि पावसाळ्यात कुटुंब परतले की उलट निरोप येणे, एवढेच ते काम आहे. त्याला कोणताही मोबदला ठरलेला नाही.

पाठराखणीचा दुसरा अर्धा भाग गावाबाहेर, दवाखान्यात असतो. आशा एखाद्या आजारी मुलाला घेऊन वज्रेश्वरीच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात, किंवा तेथून पुढे भिवंडीच्या उपजिल्हा रुग्णालयात, जाते. तेथे तिच्याशी कोण कसे बोलते यावर गावातील तिचे पुढचे काम अवलंबून असते. रात्री दोन वाजता समजूत घालून आणलेल्या कुटुंबासमोर 'उगाच का आणलेत?' असे कोणी म्हटले तर त्या घरचा माणूस पुन्हा तिच्या सांगण्याने निघणार नाही. उलट, मुलाला सोडताना दोन ओळींची चिठ्ठी, काय आढळले, काय दिले, घरी काय पाहावे, अशी आशाच्या नावे दिली गेली, तर तीच चिठ्ठी तिचे उत्तम शिक्षण होय. कारण तिने केलेला तर्क बरोबर होता की नाही हे तिला कळण्याचा दुसरा मार्ग नाही. पाठविलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे पाठविणाऱ्याला न कळविण्याची आपल्या दवाखान्यांची रीत जुनीच आहे. मोठ्या रुग्णालयांकडून ग्रामीण डॉक्टरांनाही हाच अनुभव येतो.

मोबदल्याचा विचार टाळून हा विषय पुरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सामुदायिक आरोग्यकार्यकर्त्यांविषयी ज्या मार्गदर्शक शिफारशी केल्या त्यांत पर्यवेक्षकामागे कार्यकर्त्यांची संख्या बेताची असावी, पर्यवेक्षकालाही प्रशिक्षण असावे आणि प्रत्यक्ष काम पाहून शिकवावे असे सांगितलेच आहे. शिवाय मोबदला केवळ किंवा मुख्यत्वे कामागणिक असू नये असेही सुचविले आहे. ह्या दोन शिफारशी सामान्यतः वेगवेगळ्या वाचल्या जातात. वर म्हटल्याप्रमाणे त्या एकच आहेत : पैशाचा प्रत्येक तुकडा सहीशी बांधलेला असेल तर पर्यवेक्षक कितीही प्रशिक्षित असला तरी तो हिशेबनीसच होतो. ह्या दृष्टीने मार्च २०२४ मध्ये, दीर्घ संपानंतर, महाराष्ट्र शासनाने आशा कार्यकर्तींच्या मानधनात जी महिना पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली तिचा अर्थ केवळ आर्थिक नाही. निश्चित रकमेचा वाटा जसजसा वाढेल तसतसा दाव्यांच्या तक्त्याचा भार कमी होण्यास, आणि गटप्रवर्तकाच्या भेटीत शिकण्याशिकविण्यास, जागा मिळेल. मिळेलच असे नाही. मोकळी झालेली वेळ नव्या ऑनलाइन नोंदी गिळून टाकतील हा धोका आहेच. आशांकडे फोनवरून भरावयाची माहिती वाढतच चालली आहे, आणि जेथे पाड्यावर संपर्क मिळत नाही तेथे ती भरण्यासाठी रस्त्यापर्यंत चालत यावे लागते.

पदवीधर आणि मेहनती अशा ह्या गटप्रवर्तकांची पाठराखण कोण करते, हा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. आशांच्या बरोबरीने त्याही संपावर गेल्या आहेत, आणि अभियानातील इतर कंत्राटी कर्मचाऱ्यांप्रमाणे आपल्याला गणावे ही त्यांची मागणी जुनी आहे. आजारी मूल कसे तपासावे हे त्यांना आशांच्या इतकेच, आशांच्याच प्रशिक्षणातून, शिकविले जाते. शिकवावे कसे, चूक चारचौघांत न काढता कशी दाखवावी, हे निराळे शास्त्र आहे आणि ते बहुधा कोणी त्यांना शिकविलेले नसते. जामखेडच्या आठवडी मुक्कामासारखे काही ह्या साडेतीन हजार स्त्रियांसाठी करावयाचे झाले तर महिन्यातून दोन दिवस पुरतील : केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात, नवजात बालकांच्या कक्षात, डॉक्टर व परिचारिका यांच्याबरोबर, खऱ्या मुलांसमोर. त्या दोन दिवसांचा भत्ता, पावसाळ्यात पाड्यापर्यंत पोहोचण्याचा प्रवासखर्च, आणि त्या दोन दिवसांत कोणताही अहवाल मागितला जाणार नाही असे तालुका आरोग्य अधिकाऱ्याचे एक लेखी पत्र, इतक्यावर एका तालुक्यात ह्याची सुरुवात करून पाहता येण्याजोगी आहे. तुलनेसाठी शेजारचा तालुका मोजमापास उपलब्ध आहेच. आणि काय मोजावयाचे हेही ठरलेले आहे : पहिल्या आठवड्यातील आजारी मुलांपैकी किती मुले आशाने ओळखली, आणि ओळखलेल्यांपैकी कितींच्या घरी ती एकटी गेली नव्हती.